टाकळीचे दोन शंकू

झाशीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, ती टेकडी ग्रॅनाइटची आहे. झाशीतून ओरछ्याच्या रस्त्याला लागा, नाही तर बरुआसागरच्या. दोन्हीकडे तोच गुलाबी-करडा खडक उन्हात तापत पडलेला दिसेल. भूशास्त्रज्ञ त्याला बुंदेलखंड ग्रॅनाइट म्हणतात आणि त्याचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे सांगतात. त्या काळी पृथ्वीवर झाड तर सोडाच, गवताची काडीसुद्धा नव्हती. तेव्हा दगडातली पाने-फळे शोधण्याची ज्याला हौस आहे, त्याने झाशीत हातोडी हाती घेण्यात काही अर्थ नाही.

मग आजची गोष्ट झाशीपासून कशाला? एक तर झाशी हे जंक्शन आहे. नागपूरहून निघालेला माणूस इटारसी, भोपाळ करीत झाशीला येतो आणि लखनौ गाठायचे असेल तर येथून कानपूरच्या मार्गाला लागतो. आपल्या गोष्टीचे एक टोक नागपूरला आहे आणि दुसरे लखनौला. शिवाय या गोष्टीची सुरुवात ज्या दिवसांत होते, त्या दिवसांत झाशी आणि नागपूर यांचे नशीब एकाच दोरीला बांधलेले होते.

१८५३ च्या नोव्हेंबरात झाशीचे गंगाधरराव वारले आणि डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले. पोटचा मुलगा दोघांच्याही मागे नव्हता. डलहौसीने संधी साधली आणि १८५४ साली दोन्ही राज्ये खालसा झाली. झाशीचे पुढे काय झाले, ते आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नागपुरात मात्र त्याच सुमारास दोन स्कॉटिश मिशनरी फावल्या वेळात हातोडी घेऊन खडकांमागे हिंडत होते. एक स्टीफन हिस्लॉप आणि दुसरे रॉबर्ट हंटर. हंटरसाहेब पुढे मायदेशी परतले आणि त्यांनी इंग्रजीचा एक भला मोठा कोश केला. हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले ते कायमचेच. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटच्या बाजूची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच स्मरणार्थ १८८३ साली निघाले.

या जोडगोळीने नागपूरच्या परिसराची खडकवार नोंद केली आणि १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात ती प्रसिद्ध झाली. तिच्यात टाकळी हे नाव पुन्हा पुन्हा येते. तेव्हा हे शहराबाहेरचे एक खेडे होते. तिथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये एका जुन्या तळ्याचा गाळ दगड होऊन बसला होता आणि त्या दगडात शिंपले होते, किड्यांचे अवशेष होते, बिया आणि फळे होती. हिस्लॉप यांनी जमवलेला हा खजिना इंग्लंडला गेला.

टाकळीच्या दगडांत शंकूही होते. पाइनसारख्या झाडांना येतात तसे, खवल्या-खवल्यांचे. त्यांची नीट तपासणी व्हायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. लखनौ विद्यापीठाचे प्राध्यापक बिरबल साहनी यांनी १९३१ साली भारतातल्या अश्मीभूत सूचिपर्णी वनस्पतींचा आढावा प्रसिद्ध केला आणि टाकळीच्या शंकूंना नावे दिली. एकाचे नाव ठेवले टाक्लिओस्ट्रोबस अलाटस. पहिला शब्द आपल्या टाकळीवरून. अलाटस हा लॅटिन शब्द, म्हणजे पंख असलेला. दुसऱ्याचे नाव पिटिओस्ट्रोबस क्रॅसिटेस्टा. क्रॅसिटेस्टा म्हणजे जाड कवचाच्या बीचा. तिसराही एक आहे, इंडोस्ट्रोबस बायफिडोलेपिस, म्हणजे दुभंगलेल्या खवल्याचा. पण आपले काम पहिल्या दोघांशीच आहे. एक पंखवाला आणि एक जाड कवचाचा. नावे ठेवणाऱ्याच्या नजरेत जे भरले, ते त्या शब्दांत उतरले. शंकू धरणाऱ्या झाडांचा कोट्यवधी वर्षांचा पेच या दोन शब्दांत सापडतो.

पेच असा. झाड जागचे हलत नाही. बी आईच्या पायाशीच पडले तर तिच्या सावलीत आणि तिच्या मुळांशी भांडत त्याला वाढावे लागते. बहुधा ते मरतेच. म्हणून बी दूर गेले पाहिजे. दूर जायचे तर ते हलके हवे. पण हलके म्हणजे शिदोरी कमी आणि कवच पातळ. किड्याने पोखरले, पाखराने फोडले की संपले. जड केले तर पोटात पिठूळ शिदोरी भरपूर आणि वर कवच टणक, पण मग त्याला नेणार कोण? मुलीला दागिने घालून पाठवावी तर वाटेत चोर, आणि रिकाम्या हाताने पाठवावी तर पुढे संसार कसा करील, अशी ही आईची अडचण आहे. बी सांभाळणे आणि बी सोडणे, ही दोन उलट कामे एकाच अवयवाने करायची. त्या अवयवाचे नाव शंकू.

झाशीत काय किंवा पुण्यात काय, नैनीताल-मसुरीला जाऊन आलेल्या पुष्कळ घरांतल्या शोकेसमध्ये चीडचा एक शंकू असतो. तो आणलाच असेल तर एक गंमत करून पाहा. बादलीभर पाण्यात तो बुडवून ठेवा. तास-दोन तासांत त्याचे उघडे खवले वर सरकू लागतील आणि शेवटी शंकू मिटेल. बाहेर काढून उन्हात ठेवा, पुन्हा उघडेल. त्यात जीव नाही, तो कधीच मेलेला आहे. तरीही हे चालते. खवल्याचे दोन थर असतात आणि पाणी लागल्यावर ते सारखे फुगत नाहीत. बाहेरचा थर लांबीने फुगतो, आतला फुगत नाही, म्हणून खवला आत वाकतो. भिजलेल्या फळीला बाक येतो ना, तसेच. ब्रिटिश संशोधकांनी ही यंत्रणा १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात उलगडून दाखवली. फायदा उघड आहे. पावसात भिजलेले पंख उडत नाहीत. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी दार उघडायचे आणि ओल आली की लावून घ्यायचे. चीडचा शंकू झाडावर सुमारे दोन वर्षे पिकतो आणि बी सोडतो तो एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात. प्रत्येक खवल्याच्या बगलेत दोन बिया, प्रत्येक बीला पातळ पापुद्र्यासारखा एक लांबट पंख.

जर्मनीतील कोळशाच्या खाणींत एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वीचे शंकू सापडले आहेत. काळे पडलेले, पण दगड न झालेले. तिथल्या शास्त्रज्ञांनी ते भिजवून-सुकवून पाहिले आणि २०१७ साली जाहीर केले, की हे शंकू अजून हलतात. माणसाची जात जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची बिजागरी अजून काम देते आहे. आपल्याकडच्या सरकारी फाटकांच्या बिजागऱ्या आठवून हसू येते.

शंकू पहिल्यापासून असा नव्हता. किंबहुना पहिल्यांदा शंकूच नव्हता. झारखंडातील गिरिडीहच्या कोळसापट्ट्यात बुरिआडिया नावाच्या एका सूचिपर्णी वनस्पतीचे अवशेष मिळतात. वय तीस कोटी वर्षांच्या घरातले. अलाहाबाद विद्यापीठाचे प्रा. डी. डी. पंत आणि त्यांचे सहकारी नौटियाल यांनी १९६७ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्या बिया पानांच्या मधूनच, फांदीवर सुट्या सुट्या लागलेल्या होत्या. ना खवला, ना दार, ना कुलूप. ही पुढच्या सगळ्या शंकूवाल्यांची आजी होती, असे कोणी ठामपणे म्हणत नाही. कदाचित बाजूची चुलत आजी असेल. पण शंकूशिवाय संसार कसा चालत होता, हे तिच्याकडे पाहून कळते.

इतरत्र त्याच सुमारास, आणि त्याच्या थोडे आधीही, शंकू होते, पण सैल. एक दांडा, त्यावर पाने, प्रत्येक पानाच्या बगलेत एक छोटी फांदी आणि त्या फांदीवर बिया. स्वीडनचे रुडॉल्फ फ्लोरिन यांनी १९३८ ते १९४५ या काळात, म्हणजे महायुद्ध पेटलेले असताना, हे जुने शंकू चिकाटीने तपासले आणि दाखवून दिले, की आजच्या शंकूचा टणक खवला म्हणजे त्या छोट्या फांदीचेच आक्रसलेले, चपटे झालेले रूप. चीडचा शंकू हातात घेतला तर आपण एक खवला धरून ओढतो. खरे तर आपण एक अख्खी फांदी ओढत असतो.

बिया उडू लागल्या त्या या सैल शंकूंच्या काळात. अमेरिकेतील टेक्सासमध्ये सुमारे सत्तावीस कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात एका सूचिपर्णी झाडाच्या पंखवाल्या बिया मिळाल्या. मौज अशी, की एकाच जातीच्या झाडाला तऱ्हेतऱ्हेच्या बिया होत्या. काहींना दोन्ही बाजूंना सारखे पंख, काहींना एक लहान, एक मोठा, काहींना एकच. जणू कारखान्यातला माल अजून ठरायचा होता. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली याचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. पातळ कागदाच्या नकली बिया करून त्यांनी त्या वरून सोडल्या. दोन सारखे पंख असलेले बी बऱ्याचदा फिरतच नाही, सरळ खाली येते. एका पंखाचे बी मात्र भिंगरी होते आणि सावकाश उतरते.

हे घरी मुलांना घेऊन करता येईल. बोटभर लांबीची कागदाची पट्टी घ्या, एका टोकाला चिकणमातीची छोटी गोळी चिकटवा आणि गच्चीवरून सोडा. मग दुसरी पट्टी घ्या, गोळी बरोबर मधोमध लावा आणि सोडा. पहिली पट्टी जमायला दोन-चार खेपा लागतील, गोळी थोडी कोपऱ्याकडे सरकवावी लागेल. पण एकदा गरगरली की मुले पुन्हा खाली येणार नाहीत. गरगरणाऱ्या पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा एक छोटासा भोवरा तयार होतो आणि तो पंखाला वर ओढून धरतो. बी जितके सावकाश उतरेल, तितके वाऱ्याला ते दूर न्यायला सापडेल. मूळच्या त्या जातीत एकपंखी आणि दुपंखी अशा दोन्ही बिया होत्या. आजच्या पाइन कुळाच्या बियांना बहुधा एकच पंख असतो. निवड कोणी केली, तर वाऱ्याने.

वाऱ्यावर स्वार होण्याची ही कला शंकूवाल्यांचीच मिरास नाही. आपल्याकडे सावरीची आणि रुईची म्हातारी उडते ती केसांवर. उत्तर प्रदेशात ज्याला चिलबिल म्हणतात, तो आपला वावळ. उन्हाळ्याच्या तोंडी त्याच्या गोल पंखाच्या चकत्यांनी अंगण भरून जाते. पण ही सारी फुलझाडे, फार नंतर आलेली. पंखाची क्लृप्ती त्यांनी स्वतंत्रपणे पुन्हा शोधून काढली.

पुढे शंकू आवळत गेला. अमेरिकेचे अँड्र्यू लेस्ली यांनी जगभरचे जीवाश्म शंकू आणि आजचे शंकू मोजून २०११ साली एक हिशेब मांडला. परागकण देणारे नर शंकू कोट्यवधी वर्षे जवळपास तसेच राहिले. परागाला सांभाळण्याची गरजच नसते, तो उडाला की काम झाले. बीचे शंकू मात्र ज्युरासिक काळापासून जाड, टणक आणि घट्ट होत गेले. शंकूचा अधिकाधिक भाग बी धरण्यासाठी नव्हे, तर बी राखण्यासाठी खर्च होऊ लागला. कारण चोर वाढले होते. बिया पोखरणारे किडे आले, झाडपाला ओरबाडणारे मोठे सरपटणारे प्राणी आले, पुढे पाखरे आणि कुरतडणारे सस्तन प्राणी आले. म्हणजे शंकूच्या आकारात जितके झाड आहे, तितकेच त्याचे शत्रूही आहेत, असे मला वाटते.

त्या मधल्या काळाचा नमुना झाशीपासून फार लांब नाही. जबलपूरच्या खडकांत अराउकॅराइटिस नावाचे सुटे खवले मिळतात. कलकत्त्याच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणात नोकरीला आलेले ओट्टोकार फाइस्टमांटेल यांनी १८७० च्या दशकात कच्छ आणि जबलपूरच्या अशा जीवाश्मांची वर्णने केली. खवला पाचरीसारखा आणि त्यात रुतलेले एकच बी. यांचा शंकू दार उघडून बी सोडत नसे. पिकला की सगळाच विस्कटून खाली येई, खवल्यासकट बी. या घराण्याचे आजचे वारस आपल्या ओळखीचे आहेत. बंगल्यांच्या आवारात ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून जे मजल्यामजल्यांचे झाड लावतात, ते अराउकॅरियाच. ऑस्ट्रेलियातल्या बुन्या पाइनचा शंकू तर दहा किलोपर्यंत भरतो. तो पिकण्याच्या दिवसांत त्या झाडाखाली उभे राहू नये, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

आता टाकळीकडे परत येऊ. ज्या तळ्याच्या गाळात हे शंकू पडले, ते तळे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. दख्खनचा लाव्हा तेव्हा थांबून थांबून वाहत होता. एक थर पसरायचा, निवायचा, मग हजारो वर्षे शांतता. त्या शांततेत पाणी साचायचे, रान उगवायचे, गोगलगायी यायच्या. मग पुढचा थर येऊन सगळे झाकून टाकायचा. लाव्हातून विरघळून आलेली सिलिका पाण्यावाटे लाकडात, बियांत, शंकूंत शिरली आणि पेशी न् पेशी गारगोटीची झाली. म्हणूनच साहनींसारख्यांना शंकूची चकती करवतीने कापून, इतकी पातळ घासता आली, की तिच्यातून उजेड आरपार जावा. आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बीचे कवच किती जाड आहे, हे साडेसहा कोटी वर्षांनंतर पाहता आले.

साहनींविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत. आता पाकिस्तानात असलेल्या भेरा गावी १८९१ साली त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला सिवर्ड यांच्या हाताखाली ते शिकले आणि १९२१ साली लखनौला आले ते अखेरपर्यंत. वनस्पतींच्या जीवाश्मांसाठी एक वेगळी संस्था असावी, हे त्यांचे स्वप्न. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली. कोनशिलासुद्धा साधी नव्हती, जीवाश्म बसवून घडवलेली होती. त्यानंतर आठवड्याभरात, १० एप्रिलला, साहनी गेले. संस्था उभी केली ती त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी. तीच आजची लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था.

पिटिओस्ट्रोबस हे नाव ऐकून जाणकार वाचकाला एक शंका येईल. हे नाव पाइन कुळातल्या शंकूंसारख्या दिसणाऱ्या जीवाश्मांना देतात. पण पाइन कुळ मूळचे उत्तरेचे. टाकळीची जमीन तेव्हा दक्षिणेकडून आलेले एक बेट होती, आशियाला अजून टेकलीही नव्हती. मग पाइनचा नातलग तिथे कसा पोचला? माझे मत असे, की या नावाला फार चिकटून बसू नये. दिसण्यावरून दिलेले नाव ते. दोन वेगळ्या घराण्यांत सारखे नाक निघते, तसे शंकूही निघू शकतात. पण कवच जाड होते, एवढे त्या नावात नोंदले गेले आहे आणि ते कुळावर अवलंबून नाही.

टाकळीचा लाव्हा शेवटचा गोठल्यावर पुढे काय झाले? आज नागपूर परिसरात, विदर्भात, सबंध महाराष्ट्रात किंवा बुंदेलखंडातही एकसुद्धा शंकूवाले झाड मूळचे रानात उगवत नाही. जी दिसतात ती लावलेली. हिमालयात आणि ईशान्येला रानेच्या राने आहेत, पण दख्खनचे द्वीपकल्प ओस पडले. लाव्हाने होरपळ केली, द्वीपकल्प विषुववृत्ताकडून वर सरकत गेले, हवा बदलली. आणि सगळ्यांत मोठे म्हणजे फुलझाडे आली. टाकळीच्या काळीच ती चांगली माजली होती. त्याच सुमाराच्या, छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथील गाळात निपा या पाम वृक्षाची फळे मिळाली आहेत. आज निपा सुंदरबनात आणि अंदमानात, खाऱ्या पाण्याच्या काठी वाढतो आणि त्याची फळे पाण्यावर तरंगत दूर जातात. वारा, पाणी, पाखराचे पोट, जनावराची लव, फुलझाडांनी एकही वाहन सोडले नाही. शंकूवाल्यांपाशी मुख्य वाहन एकच, वारा. आणि दाट, ओल्या रानाच्या आत वारा फार पोचत नाही.

यात एक अपवाद आहे, आणि मला तो फार बोलका वाटतो. द्वीपकल्पात मूळचा असा एकच सूचिपर्णी वृक्ष उरला आहे. शास्त्रीय नाव नागेइया वॉलिचिआना. केरळ-तमिळनाडूच्या सह्याद्रीत, सदाहरित रानांत तो सापडतो. त्याला सुईसारखी पाने नाहीत, रुंद आहेत. आणि त्याला चीडसारखा लाकडी शंकूही नाही. शंकू आटत आटत एका बीवर आला आहे आणि त्या बीवर मांसल आवरण आहे. लांबून पाहणाऱ्याला ते फळच वाटावे. त्याच्या कुळाने पंखही सोडला आणि लाकडी दारही सोडले. खाऊ देऊन बी वाहून नेणारे हमाल मिळवले. हे कुळही दक्षिणेकडचेच, या भूखंडाबरोबर आलेले. ते तेवढ्यामुळेच टिकले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण टाकळीचे पंखवाले आणि कवचवाले गेले आणि खाऊ देणारा राहिला, हे डोळ्यांसमोर आहे.

हिमालयातही चीडचा सख्खा भाऊ चिलगोजा याने अशीच तडजोड केली आहे. थंडीत झाशीच्या बाजारात जो महागडा चिलगोजा आपण हात आखडून शंभर ग्रॅम घेतो, तो पाइनच्याच एका जातीचे बी. लांबट, जड, तेलकट. पंख जवळजवळ नाहीसा झालेला. वाऱ्याने ते जाणार नाही. कावळ्याच्या कुळातला नटक्रॅकर नावाचा पक्षी अशा बिया चोचीत भरून नेतो आणि हिवाळ्यासाठी जमिनीत पुरून ठेवतो. पुरलेल्या सगळ्या त्याला आठवत नाहीत किंवा लागत नाहीत, त्यांची झाडे होतात. म्हणजे चोरालाच पोस्टमन केले.

मोहगावचे नाव वर आले. तिथल्या जीवाश्मांवर साहनी आणि प्रा. के. पी. रोडे यांनी १९३७ साली निबंध लिहिला. त्याच भागातल्या जीवाश्मांत आयुष्याची उमेदीची वर्षे घातली ती नागपूरच्या डॉ. श्यामला चितळे यांनी. १९१८ सालचा त्यांचा जन्म. इंग्लंडमध्ये रेडिंगला प्रा. हॅरिस यांच्याकडे डॉक्टरेट करून त्या नागपूरला आल्या आणि विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांची एक पिढी घडवली. साठीच्या उंबरठ्यावर, जेव्हा आपल्याकडे माणसे काशीयात्रेचे बेत करतात, त्या अमेरिकेत क्लीव्हलँडच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात गेल्या आणि तिथे वनस्पती-जीवाश्मांचा विभाग उभारला. गंमत अशी, की पेन्सिल्व्हेनियाच्या खडकांतही त्यांच्या हाती शंकूच लागला. बियांचा नव्हे, त्याहून जुना, बीजाणू धरणारा. त्याच्या नावात त्यांनी गुरू हॅरिस यांना स्थान दिले. २०१३ साली त्या वारल्या.

आता राहिला प्रश्न जागांचा. टाकळी आज नागपूर शहराच्या पोटात आहे. हिस्लॉप जिथे हातोडी घेऊन फिरले, तिथे घरे, रस्ते, दुकाने. शहर वाढणारच, त्याबद्दल कोणाशी भांडण नाही. पण नागपूर, छिंदवाडा, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यात लाव्हाच्या थरांमधले असे गाळाचे पट्टे अजून आहेत आणि विहीर खोदताना, रस्त्याची गिट्टी फोडताना, शेताचा बांध काढताना ते वर येतात. खडीच्या ढिगात काळा बेसॉल्ट सोडून एखादा पांढुरका, मळकट किंवा तपकिरी, काचेसारख्या धारेने फुटणारा दगड दिसला आणि त्यावर गोल-गोल ठिपके किंवा एकावर एक खवले दिसले, तर तो डांबराखाली जाण्याआधी उचलून बाजूला ठेवा. फोडू नका, ऑइल लावून चकाकी आणू नका. कुठे सापडला, कोणत्या शेतात, किती खोल, हे त्याच दिवशी कागदावर लिहून दगडासोबत ठेवा. ठिकाण हरवलेल्या जीवाश्माची निम्मी किंमत गेलेली असते. जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या किंवा भूशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. नागपूरकरांना तर फार लांब जायला नको. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय सेमिनरी हिल्सवर आहे.

ज्यांना दगड झालेली झाडे नुसती पाहायची आहेत, त्यांनी गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यातील वडधमचे जीवाश्म उद्यान पाहावे; तिथले ओंडके टाकळीहून कितीतरी जुने आहेत. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यात घुघुआ येथे टाकळीच्याच काळातली झाडे उघड्यावर आहेत, ताड-पामांचे बुंधे त्यात पुष्कळ. आणि झाशीहून कानपूरमार्गे लखनौला जाणाऱ्यांनी एक दुपार साहनी संस्थेच्या संग्रहालयासाठी राखून ठेवावी. मुले बरोबर असतील तर जाण्यापूर्वी तो चीडचा शंकू एकदा बादलीत टाकून दाखवा, म्हणजे काचेमागच्या दगडांकडे ती जरा वेगळ्या नजरेने बघतील.